तक्रार मुलीनं केली, कॉलेज मुलीचंच सुटलं

आम्ही दोघं नवरा-बायको हे मिळून लिहीत आहोत. नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचं शिलाईचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागेच घर. दहावी झाल्यावर आमची भाची शिकायला आमच्याकडे आली. मोठ्या आपांची ती थोरली मुलगी. त्यांच्या गावात कॉलेज नाही आणि एस.टी. दिवसातून दोनदाच. आपांनी तिची पेटी आमच्या ओट्यावर ठेवली आणि एवढंच म्हटलं, "ही आता तुमच्याकडे अमानत आहे."

ही गोष्ट त्या अमानतीची आहे. लिहिण्याआधी आम्ही भाचीला विचारलं. ती म्हणाली, "लिहा खाला, पण मला कुणी ओळखेल असं काही लिहू नका." म्हणून गावाचं, कॉलेजचं आणि आमचंही नाव इथे नाही.

2017 चा जानेवारी महिना होता. भाची बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. प्रॅक्टिकलची परीक्षा तोंडावर आली होती आणि जर्नलवर सह्या व्हायच्या होत्या. बाकीच्या मुली गेल्यावर सरांनी तिला जर्नल तपासायचं म्हणून थांबवून घेतलं आणि प्रयोगशाळेचं दार लावलं. पुढचं इथे लिहीत नाही. कायदा त्याला लैंगिक अत्याचार म्हणतो, एवढं वाचकांना पुरेसं आहे. ती कशीबशी सुटून बाहेर पडली. जर्नल तिथेच राहिलं.

तीन दिवस ती पोट दुखतं म्हणून पडून होती. चौथ्या रात्री इशाच्या नमाजनंतर तिनं सांगितलं. तेव्हा आमच्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य आजही आम्हाला झोपू देत नाही. आम्ही म्हणालो, "पण तू एकटी थांबलीसच कशाला?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिला घेऊन कॉलेजात गेलो. प्राचार्यांनी बसवलं, चहा मागवला. तिचं ऐकून घेतल्यावर त्यांनी तिला विचारलं, "तू ओरडली का नाहीस?" तिनं मान खाली घातली. मग ते आमच्याकडे वळून म्हणाले, "लेखी कशाला देता? लेखी दिलं की कागद फिरतो, मुलीचं नाव होतं. तुमच्या समाजात तर लग्नाला अडचण येईल. मी त्यांना समज देतो." खरं सांगायचं तर आम्हाला हायसं वाटलं. आम्हालाही लेखी द्यायचं नव्हतंच. पोलिसांचं तर नावही आम्ही काढलं नाही.

घरी आल्यावर आपांना फोन केला. भाईजान दुसऱ्याच दिवशी आले आणि तिची पेटी उचलून घेऊन गेले. परीक्षा राहिली. पुढच्या वर्षी तिचा निकाह लावून दिला. सर मात्र त्याच प्रयोगशाळेत, त्याच टेबलावर जर्नलवर सह्या करत राहिले.

कोपर्डीची घटना घडून तेव्हा सहाच महिने झाले होते. कर्जत तालुक्यातल्या त्या शाळकरी मुलीवर 13 जुलै 2016 रोजी जे गुदरलं, त्यानं जिल्ह्यातल्या प्रत्येक आईबापाची झोप उडवली होती. आमच्या दुकानातही रोज तोच विषय असायचा. गुन्हेगारांना फाशी झाली पाहिजे, असं आम्हीही गिऱ्हाइकांसमोर म्हणत होतो. नगरच्या न्यायालयानं 29 नोव्हेंबर 2017 रोजी तिघांना फाशीची शिक्षा सुनावली, तेव्हा इन्साफ झाला असं आम्हाला वाटलं. दुसऱ्याच्या मुलीसाठी आम्ही एवढं बोललो. स्वतःच्या अमानतीसाठी मात्र एक कागद लिहिला नाही.

दीड वर्षानंतर एक बाई मुलीचा ड्रेस शिवायला घेऊन आल्या. मुलगी त्याच कॉलेजात होती. माप देता देता ती सहज बोलून गेली की त्या सरांच्या प्रॅक्टिकलला मुली आता दोघी-दोघी थांबतात, कारण गेल्या वर्षी एका मुलीनं मध्येच कॉलेज सोडलं. ती दुसरी मुलगी कोण, हे आम्हाला माहीत नाही. पण आम्ही तेव्हा लेखी दिलं असतं, तर कदाचित तिचं कॉलेज सुटलं नसतं. हा हिशोब आमच्या नावावर आहे.

यंदा आमची स्वतःची मुलगी बारावी झाली. तिलाही सायन्सच घ्यायचं आहे. फॉर्म भरायच्या आदल्या रात्री ती स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "अम्मी, अब्बा, एक विचारू? आपीसारखं माझ्या बाबतीत झालं आणि मी तुम्हाला येऊन सांगितलं, तर मलाही घरी बसवाल का?"

आम्ही दोघंही गप्प राहिलो. तिनं थोडा वेळ वाट पाहिली आणि म्हणाली, "मग मी सांगणारच नाही."

त्या एका वाक्यानं आम्हाला जागं केलं. नगरला ओळखीच्या एक वकील ताई आहेत. त्यांच्याकडे आम्ही तीनदा गेलो, कागद वाचले, समजून घेतले. जे 2017 मध्ये माहीत असायला हवं होतं ते आता कळलं. वाचकांच्या घरीही मुली शिकत आहेत, म्हणून ते इथे मांडतो.

पहिली गोष्ट, कॉलेजात यासाठी समिती असावी लागते. लोक तिला विशाखा समिती म्हणतात. राजस्थानात बालविवाह थांबवण्याचं सरकारी काम करणाऱ्या भंवरीदेवींवर 1992 मध्ये सामूहिक अत्याचार झाला. त्यानंतर महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि 1997 मध्ये 'विशाखा' निकाल आला. पुढे 2013 मध्ये कायदा झाला. विद्यापीठं आणि कॉलेजांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे वेगळे नियम 2 मे 2016 पासून लागू झाले. म्हणजे आम्ही प्राचार्यांसमोर चहा पीत होतो तेव्हा हे नियम येऊन आठ महिने उलटले होते. आम्हाला ते कुणी सांगितले नाहीत आणि आम्हीही विचारले नाहीत.

या समितीचं नाव अंतर्गत तक्रार समिती. तिची अध्यक्ष वरिष्ठ प्राध्यापिका असते. निम्म्याहून कमी बायका समितीत चालत नाहीत. संस्थेबाहेरची, अशा कामाची माहिती असलेली एक व्यक्ती असावी लागते. प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी प्रतिनिधीही बसतात. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख अशा अधिकारपदावरच्या माणसांना मात्र तिथे जागा नाही. त्याचं कारण उघड आहे. संस्थेचं नाव सांभाळणं हे ज्यांचं काम, त्यांच्या हाती मुलीची तक्रार द्यायची नाही. साहेबांच्या खोलीत समज देऊन मिटवण्याची ही बाबच नव्हे.

दुसरी गोष्ट, तक्रार लेखी द्यायची आणि पोहोच घ्यायची. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत ती द्यावी लागते. उशिराचं कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. मुलगी धक्क्यामुळे किंवा आजारपणामुळे स्वतः देऊ शकत नसेल तर नातेवाईक, मैत्रीण किंवा सहकारी तिच्या वतीनं देऊ शकतात. सात दिवसांत तक्रारीची प्रत समोरच्या माणसाला जाते आणि उत्तराला त्याला दहा दिवस मिळतात. चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. त्यानंतर दहा दिवसांत अहवाल आणि तीस दिवसांत संस्थेची कारवाई. तक्रारदार, आरोपी आणि साक्षीदार यांची नावं बाहेर फोडायची नाहीत, असाही नियम आहे. प्राचार्य ज्या 'कागद फिरण्या'ची भीती घालत होते, तो कागद फिरू न देणं हे त्यांच्याच संस्थेचं काम होतं.

तिसरी गोष्ट वकील ताईंनी सांगितली तेव्हा आमच्या डोळ्यांत पाणी आलं. चौकशी चालू असताना मुलीचं शिक्षण थांबू नये, याची सोय नियमांतच आहे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला तिची परीक्षा घेण्यापासून, गुण देण्यापासून दूर ठेवता येतं. त्याला तिच्यापासून लांब राहण्याची ताकीद देता येते. तिला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते. भाचीला सर्वांत मोठी भीती प्रॅक्टिकलच्या गुणांची होती. ते गुण दुसऱ्या कुणाच्या हातात देता आले असते. जर्नल दुसऱ्या मॅडमनी तपासलं असतं. तिला वर्ष सोडायचं कारणच नव्हतं.

चौथी गोष्ट पोलिसांची. कॉलेजची चौकशी ही पोलिसांच्या तपासाची जागा घेऊ शकत नाही. नोकरीवर, प्रवेशावर कारवाई करणं एवढंच कॉलेजच्या हातात असतं. गुन्ह्याची शिक्षा न्यायालय देतं. मुलीला दोन्ही वाटा एकाच वेळी खुल्या आहेत आणि तिला पोलिसांत जायचं असेल तर कॉलेजनं मदत करायची असते. गुन्हा कुठल्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. आमच्या हद्दीत येत नाही, असं सांगून परत पाठवता येत नाही. मुलीचा जबाब महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा असतो. सरकारी असो वा खाजगी, दवाखान्यानं पीडितेवर लगेच आणि मोफत उपचार केले पाहिजेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील फुकट मिळतो, त्याला उत्पन्नाची अट नाही.

आपल्याकडे अकरावी-बारावीचे वर्ग अनेकदा सीनियर कॉलेजच्याच आवारात भरतात. त्यातल्या बहुतेक मुली अठरा वर्षांच्या आतल्या असतात. त्यांच्या बाबतीत पोक्सो कायदा लागतो. गुन्हा कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाच तिथे गुन्हा आहे. "घरच्यांचं म्हणणं होतं, मिटवून टाका" ही सबब चालत नाही.

आता कुणी म्हणेल, नियम खूप आहेत, पण समित्या कागदावरच असतात. ते खोटं नाही. ओडिशात बालासोरच्या फकीर मोहन कॉलेजात एका विद्यार्थिनीनं आपल्या विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार केली होती. दाद मिळत नाही म्हणून 12 जुलै 2025 रोजी तिनं कॉलेजच्या आवारातच स्वतःला पेटवून घेतलं आणि दोन दिवसांनी ती गेली. त्या प्रकरणात विभागप्रमुख आणि प्राचार्य दोघांनाही अटक झाली. ती मुलगी गप्प बसली नव्हती. तिनं सांगितलं होतं, लिहून दिलं होतं. तिला हवं होतं ते वेळेवर मिळालं नाही.

समिती असली, तिनं मनापासून काम केलं, तरीही काम नीट माहीत नसेल तर काय होतं, ते आपल्या शेजारच्या गोव्यात दिसलं. 2009 मध्ये गोवा विद्यापीठातल्या विद्यार्थिनींनी राज्यशास्त्राच्या विभागप्रमुखाविरुद्ध तक्रारी केल्या. समितीनं चौकशी केली, दोष ठरवला आणि 2010 मध्ये त्या माणसाला नोकरीवरून काढलं. मुंबई उच्च न्यायालयानंही ते कायम ठेवलं. पण 12 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश रद्द केला. चौकशी इतक्या घाईत उरकली होती की आरोपीला बाजू मांडायला पुरेशी संधी मिळाली नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. प्रकरण पुन्हा समितीकडे गेलं. तक्रार केल्यापासून चौदा वर्षं उलटली होती आणि चौकशी पुन्हा मागे नेऊन ठेवली गेली. त्याच निकालात न्यायालयानं देशभर सगळीकडे समित्या आहेत का हे तपासायला, सदस्यांची नावं आणि फोन नंबर वेबसाइटवर लावायला आणि सदस्यांना शिकवून तयार करायला सांगितलं.

हे वाचल्यावर आमच्या ध्यानात आलं की दाबून टाकणं आणि घाईनं उरकणं, दोन्हींचा मार शेवटी मुलीलाच बसतो. समोरच्याचं नीट ऐकून घेणं ही त्याच्यावर मेहेरबानी नाही. मुलीच्या बाजूनं लागलेला निकाल वरच्या न्यायालयात टिकावा, यासाठी ते लागतं.

आणि तो प्रश्न, "ओरडली का नाहीस?" तोही जुना आहे. आपल्याच महाराष्ट्रात, 1972 मध्ये देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला. ते मथुरा प्रकरण म्हणून ओळखलं जातं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केला नाही, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयानं 1978 मध्ये पोलिसांना सोडून दिलं. तेव्हा दिल्ली आणि पुण्याच्या चार कायदेप्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिलं. घाबरून गप्प राहणं म्हणजे संमती देणं नव्हे, हा त्यांचा मुद्दा होता. देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. त्या पत्रावर सही करणाऱ्या वसुधा धागमवार पुण्याच्या. ज्या विद्यापीठाच्या पदव्या आपल्या जिल्ह्यातली मुलं घेतात, त्या पुण्याच्या. एवढं सगळं होऊनही 2017 मध्ये आमच्या भाचीला तोच प्रश्न विचारला गेला. आणि त्याच्या आदल्या रात्री आम्हीही तसाच प्रश्न विचारला होता.

आपल्या घरांत इज्जतीचा विषय निघतो, तेव्हा दीनचाही आधार दिला जातो. त्याबद्दलही थोडं बोललं पाहिजे. अबू दाऊद आणि तिरमिजी यांच्या संग्रहांत हजरत वाइल बिन हुज्र (रजि.) यांनी सांगितलेला एक प्रसंग आहे. नमाजसाठी निघालेल्या एका स्त्रीवर वाटेत एकानं जबरदस्ती केली. लोकांनी धावपळीत भलत्याच माणसाला धरून आणलं. त्याला शिक्षा होणार, एवढ्यात खरा गुन्हेगार पुढे आला आणि त्यानं कबुली दिली. अल्लाहच्या रसूलांनी (स.) त्या स्त्रीला बोल लावला नाही, निर्धास्तपणे परत जायला सांगितलं. चुकून धरलेल्या माणसाशीही ते चांगलं बोलले. एकटी का निघालीस, असा सवाल त्या प्रसंगात कुठेही नाही. तिचं ऐकलं गेलं आणि बेगुनाह माणूसही वाचला. सूरह नूरमधली चार साक्षीदारांची अट काही लोक मुलीचं तोंड बंद करायला वापरतात. ती अट पाकदामन स्त्रीवर आळ घेणाऱ्यांसाठी आहे. जिच्यावर अत्याचार झाला तिच्याविरुद्ध वापरण्यासाठी ती नाही.

वाचकहो, कॉलेजनं काय करावं हे आम्ही लिहिलं. पण तक्रारीचा पहिला अर्ज कॉलेजात जात नाही. तो आपल्या स्वयंपाकघरात येतो, रात्री, हळू आवाजात. तिथे तो फेटाळला गेला तर पुढची समिती कितीही चांगली असो, तिच्यापर्यंत काही पोहोचत नाही. मुलीला पक्कं माहीत असतं की सांगितलं तर शिक्षा तिलाच होणार, कॉलेज तिचंच सुटणार. ज्याला तिला त्रास द्यायचा असतो, त्यालाही हे माहीत असतं. तो आपल्याच भीतीच्या भरवशावर दार लावून घेतो.

मुलीच्या प्रवेशाच्या वेळी आम्ही तिच्या कॉलेजात समितीची नावं विचारली. क्लार्कनं आम्हाला तीन टेबलं फिरवली. शेवटी कपाटामागे एक बोर्ड सापडला. त्यावर निवृत्त झालेल्या मॅडमचं नाव होतं आणि फोन नंबर पुसलेला. आम्ही तिथेच अर्ज लिहिला: समितीची चालू नावं आणि नंबर मुलींना दिसतील अशा जागी लावा. पोहोचेची सही घेतली. दोन आठवड्यांनी नवा बोर्ड लागला, मुलींच्या कॉमन रूमच्या बाहेर. आमच्याबरोबर आणखी दोन पालकांनी सह्या केल्या होत्या. एक मराठा कुटुंबातले, एक बौद्ध. मुलींच्या आईबापांची काळजी सारखीच असते.

भाची आता दोन मुलांची आई आहे. गेल्या वर्षी तिनं नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.ए.ला नाव घातलं. सायन्स पुन्हा घेता आलं नाही. आम्ही तिची माफी मागितली. ती म्हणाली, "खालू, तुम्ही त्या दिवशी माझ्याबरोबर कॉलेजात आलात, ते मी विसरले नाही. फक्त परत येताना तुम्ही रिक्षात माझ्याकडे बघत नव्हता, तेही विसरले नाही."

मुलीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आम्हाला आठ दिवस लागले. ते उत्तर आम्ही तिला तोंडी दिलं आणि आता इथे लिहूनही देतो: बेटी, असं काही झालं तर त्याच रात्री आम्हाला सांग. आम्ही पहिल्यांदा ऐकून घेऊ. मग तुझ्या मर्जीनं लेखी देऊ, पोहोच घेऊ, गरज पडली तर पोलिसांत येऊ. आणि दुसऱ्या दिवशी तू कॉलेजला जाशील. तुझी पेटी या घरातून त्या कारणासाठी उचलली जाणार नाही.

अल्लाह आपल्या सगळ्यांच्या मुलींची हिफाजत करो, आणि आपल्याला त्यांचं ऐकण्याची हिंमत देवो. आमीन.